चोर सोडून संन्याशाला सुळी

ही म्हण कोणत्या पंडिताने रचली नाही. राजाचा न्याय ज्यांनी खालून पाहिला, त्या रयतेच्या तोंडची ही म्हण आहे. चोर पळाला, सुळी तर उभी राहिली, आता तिच्यावर कोणाला तरी चढविलेच पाहिजे. तेव्हा ज्याला भाऊबंद नाहीत, वतन नाही, ज्याच्या बाजूने दरबारात चार शब्द बोलणारे कोणी नाही, असा रस्त्याने जाणारा संन्याशी शिपायांच्या हाती लागला. त्याचा गुन्हा एवढाच की, त्याला वाली नव्हता. पुढे राजे गेले, सुळी गेली, सुळीच्या जागी दोर आला. पण म्हण मात्र अजून जुनी होत नाही. ती का जुनी होत नाही, याचा विचार आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढे मांडणार आहोत.

फाशी हा विषय आपल्या घरचा नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. आपण खून करीत नाही, दरोडा घालीत नाही, मग आपणास त्याचे काय? परंतु आटगाव स्टेशनापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत, आणि तिकडे मुरबाडपासून माळशेजच्या घाटापर्यंत ज्या वाड्या व पाडे आहेत, तेथील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांना फौजदारी कचेरी म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. फासाचा दोरही या डोंगरपट्ट्याने पाहिला आहे. सावकार व सरकार यांच्याविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे या महादेव कोळी वीरास इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी आमच्या ठाण्याच्याच तुरुंगात फाशी दिले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. ही म्हण ज्याला चढावे की चढू नये हे ठरविता येते, अशा माणसाने केली असावी. गरिबाला ते विचारतो कोण? त्याला दंडाला धरून चढवितात.

आधी थोडे मागचे पाहू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, इतर वर्णांस जेथे देहान्त शिक्षा, तेथे ब्राह्मणास केवळ मुंडण. त्याने कसलेही पाप केले तरी त्यास मारू नये, त्याच्या धनासह देशाबाहेर घालवावे. हा नुसता पोथीतला नियम नव्हता. कंपनी सरकारनेसुद्धा सन १७९५ च्या एका कायद्याने काशी प्रांतातील ब्राह्मणांस फाशीतून सूट दिली होती, ती सन १८१७ साली काढून टाकली. पुढे सन १८६० चा दंडसंहितेचा कायदा आला आणि निदान कागदावर तरी ब्राह्मण, मराठा, महार, कातकरी सारे एका ओळीत उभे राहिले. हे आम्ही कोणा एका जातीच्या माणसाचा द्वेष वाढावा म्हणून लिहीत नाही. जन्मावरून गळ्याची किंमत ठरविण्याची खोड या देशात किती मुरलेली होती, एवढेच दाखवावयाचे आहे.

कागदावर समता आली आणि अकरा वर्षांनी त्याच सरकारने दुसरा कागद काढला. सन १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पाळण्यातले मूल चोर! सोलापुरास काटेरी तारांच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. तो कायदा सन १९५२ साली रद्द झाला व त्या जमातींस विमुक्त असे नाव मिळाले. कायद्याच्या पुस्तकातून त्यांची नावे गेली. पण गावात चोरी झाली की पहिला संशय अजून कोणाच्या पालावर जातो, हे वाचकांनी आपल्या मनास विचारून पाहावे.

आता घाटापलीकडची हकीगत ऐका. सन २००३ च्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात शेतात झोपडी करून राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच माणसे ठार झाली, बायकांवर अत्याचार झाले, घरातील आई व एक मुलगा जखमी होऊन वाचले. ऐकून अंगावर काटा यावा असा तो प्रकार होता व त्याबद्दल लोक खवळले हे योग्यच होते. पोलिसांनी सहा माणसे धरली. ती कोण? भटक्या जमातीची, मोलमजुरी करून खाणारी. सन २००६ मध्ये सेशन कोर्टाने साहाही जणांस फाशी सांगितली. सन २००७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. सन २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून साहाही जणांस फाशीच ठोठावली. तीन न्यायालये झाली, खालपासून वरपर्यंत सर्व दारे बंद झाली.

तरी दोर ओढला गेला नाही, हे त्यांचे नशीब. त्या साहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे शिक्षेनंतर काही वर्षांनी सिद्ध झाले. फाशी सांगितली तेव्हा त्याचे वय नीट पाहिले गेले नव्हते! पुढे सन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावयास घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शाह यांनी साहाही जणांस निर्दोष सोडून दिले. त्या वेळी काय उघड झाले? वाचलेल्या आईला पोलिसांनी गुन्ह्यानंतर लगेच आपल्याकडील गुन्हेगारांच्या फोटोंचे पुस्तक दाखविले होते व तिने त्यातील चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या साहांपैकी नव्हती. त्या चौघांवर खटला झाला नाही, आणि ती ओळख ज्या कागदावर होती तो कागद खटल्यात योग्य वेळी पुढे आला नाही. न्यायालयाने लिहिले की, आरोपी हे समाजाच्या खालच्या थरातील अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटे गोवले गेले असण्याचा संभव नाकारता येत नाही. सरकारने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करावी, असा हुकूमही झाला.

सोळा वर्षे! पंचविशी-तिशीतली माणसे तुरुंगात गेली आणि अर्धे केस पिकवून बाहेर आली. आज दोर येतो की उद्या, या धास्तीत त्यांनी वर्षे काढली. त्यांच्या बायकामुलांचे काय झाले असेल, त्याचा हिशेब पाच लाखांत बसतो काय? आणि वाचकहो, दुसऱ्या बाजूसही पाहा. ज्या घरची पाच माणसे मेली, तेही घर गरिबाचेच होते. सोळा वर्षे त्या आईस सांगण्यात आले की, न्याय झाला. सोळा वर्षांनी कळले की, न्याय झालाच नव्हता आणि तिने ओळखलेली माणसे मोकळीच राहिली. म्हणजे एका गरिबाच्या घरी खून पडला, दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात दोर पडला, आणि तपास करणाऱ्यांचे काम झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आपल्या चुकीची कबुली भर कोर्टात देणाऱ्या न्यायाधीशांस आम्ही मान देतो. पण ही दुरुस्ती होऊ शकली, ती माणसे जिवंत होती म्हणून. २००९ आणि २०१९ यांच्या मध्ये केव्हाही दोर ओढला गेला असता, तर पाच लाखांचा तो चेक कोणाच्या हाती द्यावयाचा होता?

दुसरी हकीगत पुण्याची. सन १९९४ मध्ये तेथे एका घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांचा खून झाला. त्यात राजस्थानातून पोटासाठी आलेला एक मुलगा धरला गेला. पोलिसांच्या कागदावर त्याचे नाव वेगळे लिहिले गेले आणि वय विशीच्या पुढचे पडले. सन १९९८ मध्ये त्यास फाशी झाली व सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याचे खरे वय काय होते? त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल रजिस्टरात त्याची जन्मतारीख लिहिलेली होती. ती ओळ वरच्या न्यायालयापुढे येऊन मान्य व्हावयास मार्च २०२३ उजाडले. न्यायालयाने ठरविले की, गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अल्पवयीन मुलास आपल्या कायद्यात फाशी नाही, आणि फार तर तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहून नागपुराहून सुटला.

येथे त्याने गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही. साडेबारा वर्षांचा मुलगा म्हणजे सातवीच्या वर्गातला मुलगा. आम्ही शाळामास्तर आहोत. अशी मुले रोज आमच्यापुढे बसतात. सातवीतल्या पोरास वीस-बावीस वर्षांचा समजून फाशीच्या कोठडीत ठेवले जाते आणि पाव शतक कोणाच्या ध्यानात येत नाही, हे केव्हा घडते? त्याच्या मागे कोणी नसते तेव्हा. एखाद्या वकिलाचा, मामलेदाराचा किंवा व्यापाऱ्याचा मुलगा असता, तर अटकेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या जन्माचा दाखला, शाळेचा दाखला व दोन वकील कोर्टात हजर झाले असते. कागद दोघांचाही होता. एकाचा कागद एका दिवसात पोहोचला असता; दुसऱ्याच्या कागदास अठ्ठावीस वर्षे लागली. यालाच आम्ही विषमता म्हणतो.

या दोन हकीगती म्हणजे अपवाद, असे कोणी म्हणेल. तर आकडे पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने देशातील फाशीच्या कैद्यांच्या तुरुंगात जाऊन मुलाखती घेतल्या व सन २०१६ मध्ये अहवाल काढला. त्या वेळी असे ३८५ कैदी होते. त्यांत दर शंभरात ७४ आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. शंभरात २३ जणांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, व सुमारे ६२ जणांचे माध्यमिक शिक्षण पुरे झाले नव्हते. आमच्या महाराष्ट्रात तर फाशीच्या कैद्यांपैकी निम्मे लोक अनुसूचित जाती व जमातींचे होते. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शंभरात २१ आहे.

यावर एक शहाणा उठून म्हणेल की, गरीब लोकच खून करतात, त्याला न्यायाधीश काय करणार? त्यास उत्तर त्याच अहवालात आहे. सन २००० पासूनच्या पंधरा वर्षांत खालच्या कोर्टांनी सांगितलेल्या फाशीच्या ज्या शिक्षा शेवटपर्यंत तपासल्या गेल्या, त्यांपैकी शंभरात सुमारे पाचच कायम राहिल्या. बहुतेकांची जन्मठेप झाली, आणि शंभरात सुमारे तीस लोक निर्दोष सुटले. ज्या मापारीच्या मापात शंभर पायलीत तीस पायलीची चूक निघते, त्याच्याकडे आमचा कोणी शेतकरी भात मोजावयास देईल काय? मग त्याच्याकडे माणसाचा जीव कसा मोजावयास द्यावा?

ही चूक कशी होते, ते समजून घेतले पाहिजे. कारण रोग समजल्याशिवाय औषध नाही. मोठा गुन्हा झाला की वर्तमानपत्रे ओरडतात, पुढारी येतात, आरोपी लवकर धरा म्हणून वरून हुकूम सुटतो. ज्याच्या घरी कोणाचा फोन येणार नाही, असा माणूस धरणे सोपे. अटकेचे पहिले दिवस सर्वांत महत्त्वाचे. त्या दिवसांत जबाब, पंचनामे, ओळखपरेड सारे होते, आणि नेमका तेव्हाच गरिबाजवळ वकील नसतो. पुढे सरकारी मदतीचा वकील मिळतो. त्यांत प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत, परंतु फी थोडी, कामाचा ढीग मोठा, आणि पक्षकाराची गाठ कोर्टाच्या दारात पाच मिनिटांची. साक्षीदार शोधावयाचा, कागद मिळवावयाचा, डॉक्टरचा दाखला दुसऱ्या जाणकारास दाखवावयाचा, तर पैसा लागतो. तो नसला म्हणजे सरकारच्या बाजूचा प्रत्येक कागद उभा राहतो आणि आरोपीच्या बाजूची जागा कोरी राहते. न्यायाधीश तरी कोऱ्या जागेवर काय वाचणार?

शिक्षा ठरविताना तर ही कोरी जागा जीव घेते. सन १९७३ च्या फौजदारी कार्यसंहितेने फाशी द्यावयाची तर खास कारणे लिहिण्याचे बंधन घातले. सन १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात सांगितले की, विरळातल्या विरळ प्रसंगीच फाशी द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचे आयुष्यही पाहावे. त्याच खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी वेगळा निकाल लिहून बजावले की, ही शिक्षा मुख्यतः गरीब व दलित लोकांवरच पडते. सन २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा हुकूम केला की, आरोपीच्या बालपणाची, घरच्या स्थितीची, तुरुंगातील वर्तनाची माहिती मागवूनच शिक्षा ठरवावी. नियम चांगला आहे. पण ज्याच्या आयुष्याची हकीगत सांगणारे कोणी नाही, त्याचे आयुष्य कोर्टापुढे येणार कोठून?

हा केवळ आपल्या देशाचा रोग नव्हे. जोतीराव फुल्यांनी सन १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांस अर्पण केले, ज्यांनी काळ्या गुलामांस दास्यातून सोडविले. तेव्हापासून त्या देशाकडे आमच्या चळवळीचे लक्ष आहे. तेथे गुलामी कायद्याने गेली. तिची सावली मात्र फाशीच्या कोठडीत राहिली. आज अमेरिकेच्या लोकसंख्येत काळे लोक शंभरात तेरा-चौदा आहेत, आणि फाशीच्या कोठडीत ते शंभरात चाळीसच्या आसपास आहेत. जॉर्जिया राज्यात विद्वानांनी दोन हजारांहून अधिक खटले तपासून दाखविले की, मेलेला माणूस गोरा असेल तर मारणाऱ्यास फाशी होण्याचा संभव, मेलेला काळा असेल त्यापेक्षा, चौपटीहून अधिक होतो. म्हणजे मारणाराच्या जिवासारखी मरणाऱ्याच्या जिवाचीही किंमत कातडीवरून ठरली. हे आकडे सन १९८७ मध्ये मॅक्लेस्की नावाच्या काळ्या कैद्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले की, आकडे असतील; पण याच कैद्यावर मुद्दाम अन्याय झाला हे सिद्ध करा. सन १९९१ मध्ये त्यास मारण्यात आले. त्या पाचांत ज्यांनी निकाल लिहिला, ते न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाल्यावर म्हणाले की, आता संधी मिळाली तर मी माझे मत बदलीन. मत बदलता येते. मेलेला माणूस परत येत नाही.

तेथील आणखी एक उदाहरण आमच्या मजूर वाचकांनी ध्यानात ठेवावे. अलाबामा राज्यातील अँथनी रे हिंटन हा गरीब काळा मनुष्य सन १९८५ मध्ये दोन खुनांसाठी धरला गेला. मेलेल्यांच्या अंगातील गोळ्या त्याच्या आईच्या पिस्तुलातून सुटल्या, एवढाच पुरावा. ते खोटे ठरविण्यास गोळ्यांचा जाणकार हवा होता. वकिलाची समजूत अशी की, त्या कामी कोर्टाकडून हजार डॉलरच मिळतात. कायदा त्यापूर्वीच बदलला होता; तो वकिलाने पाहिला नाही. तेवढ्या पैशात जो जाणकार मिळाला त्याला एकच डोळा होता, आणि भर कोर्टात सरकारी वकिलाने त्याची टर उडविली. हिंटन जवळजवळ तीस वर्षे फाशीच्या कोठडीत राहिला. पुढे चांगल्या जाणकारांनी सांगितले की, त्या गोळ्या त्या पिस्तुलाच्या म्हणून दाखविताच येत नाहीत, आणि सन २०१५ च्या एप्रिलात तो सुटला. तो वाचला याचे कारण ब्रायन स्टीव्हन्सन नावाचे वकील त्याच्यासाठी वर्षानुवर्षे फी न घेता झगडले. प्रत्येक गरिबाला असा वकील कोठून मिळावा?

आता आमच्यावर एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. लेकीबाळींवर अत्याचार करणाऱ्या, चिमुकल्यांचे गळे कापणाऱ्या नराधमाची दया करावयाची काय? आम्ही सांगतो, दया नको. त्यास जन्मभर तुरुंगात ठेवा. परंतु तो खरोखर तोच आहे, हे आधी सिद्ध करा. फाशीच्या मागणीचा गलबला झाला की तपासाकडील लक्ष उडते. कोणाला तरी दोरावर पाहिले म्हणजे लोकांचे समाधान होते. गुन्हेगार भितो तो शिक्षेच्या मोठेपणापेक्षा आपण खात्रीने सापडू याला. नाशिकच्या त्या आईला खऱ्या माणसांची अटक हवी होती. तिला मिळाली ती भलत्यांची फाशी. जो फाशी मागतो तोच पीडितांचा कैवारी, असे समजू नका. चोख तपास मागतो तो खरा कैवारी.

दुसरा आक्षेप असा की, तपास सुधारा, वकील द्या, आणि मग फाशी ठेवा. तपास व वकील हे तर झालेच पाहिजे. पण माणसाच्या हातून चूक होणार, आणि समाजात जोवर उंच-नीच आहे तोवर ती चूक उतारावरून पाण्यासारखी खालच्याच अंगणात येऊन साचणार. जन्मठेपेची चूक अर्धीमुर्धी का होईना, भरून काढता येते. फाशीची चूक कोणी भरून काढावी? घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर यांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की, फाशीच्या अपिलांची व्यवस्था करीत बसण्यापेक्षा फाशीच बंद करणे आपणास अधिक पसंत पडेल. त्या गोष्टीस पाऊणशे वर्षे होऊन गेली. सन २०२४ च्या १ जुलैपासून फौजदारी कायदे नव्या नावांनी लागू झाले. दोर मात्र तसाच राहिला. तो काढून जन्मठेप हीच शेवटची शिक्षा करावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे. आणि ते होईपर्यंत, ज्या गुन्ह्यास फाशी होऊ शकते त्या प्रत्येक आरोपीस अटकेच्या पहिल्या तासापासून अनुभवी वकील व त्यास लागणारा खर्च सरकारने द्यावा; तपासातील एकही कागद आरोपीपासून लपविला जाऊ नये, आणि लपविणाऱ्यास शिक्षा व्हावी.

सरकार करील तेव्हा करील. आपण आज काय करू शकतो, ते सांगून लेख संपवितो.

मुलाचा जन्म झाला की ग्रामपंचायतीत नोंद करा आणि दाखला जपून ठेवा. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, रेतीवर जाणाऱ्या बांधवांनो, मुलाचे नाव शाळेत घातल्याशिवाय जाऊ नका. वय ठरविताना शाळेतील जन्मतारखेचा दाखला कायदा आधी पाहतो, ग्रामपंचायतीचा दाखला त्यानंतर, आणि डॉक्टरी तपासणी सर्वांत शेवटी. आणि आमच्या मास्तर बंधूंस आमची विनंती आहे की, दाखल रजिस्टरात अंदाजे १ जून लिहून मोकळे होऊ नका. त्या एका ओळीवर पुढे एखाद्याचा जीव टांगलेला असू शकतो, हे पुण्याच्या खटल्याने दाखविले आहे.

कोणास अटक झाली तर अटकेचे कारण विचारण्याचा, घरी कळविण्याचा व वकिलाशी बोलण्याचा त्याला हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. मारहाण झाली असेल तर तेथेच सांगावे. पोलिसांपुढे दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही, आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही वा अंगठा करावयाचा नसतो. कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये. जो कोठडीत आहे त्यास, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास व स्त्रियांस, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. सन १९८७ चा तसा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. हा नंबर चावडीच्या भिंतीवर व शाळेच्या फळ्याशेजारी ठळक लिहून ठेवा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, आपल्या वाडीतला माणूस धरून नेला म्हणजे दारे लावून घेऊ नका. तो दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवील. पण त्याचे नाव काय, वय काय, त्या रात्री तो कोठे होता, हे सांगणारी चार माणसे त्याच्या मागे कोर्टात गेली पाहिजेत. सातवी-आठवी शिकलेल्या पोराने त्याचे कागद वाचून दाखविले पाहिजेत. भाड्याला पैसे नसतील तर वर्गणी करा. लग्नाकार्याला, जत्रेला, देवळाच्या कळसाला आपण वर्गणी काढतो. माणसाचा गळा सोडविण्यास का काढू नये? ज्याच्यामागे गाव उभे आहे, त्याला संन्याशी समजून सुळीवर चढविणे कोणासही सोपे नाही.